साईड

पुण्याबाहेर, भूगाव आणि भुकूमच्या मधे पौड रस्त्याची डावी कड तुटलेली होती. पावसाळा संपता संपता सगळ्याच रस्त्यांची तुटते तशी. डांबर संपलं की वीतभर खोल मातीची घसरण, खाली खडी, मधेच कुणीतरी गाडीतून फेकलेली बाटली. ऑक्टोबर २०२३ मधला रविवार, सकाळचे पावणेसात. मी कडेपासून दोन-अडीच हात आत सायकल चालवत होते. मागून हॉर्न आला. ‘पीं’ एवढाच नाही, तळहात ठेवून विसरल्यासारखा लांबलचक. मी डावीकडे सरकले. पुन्हा हॉर्न. आणखी सरकले. आता माझं पुढचं चाक आणि ती घसरण यांच्यात चार बोटं उरली होती. उजवीकडे अख्खा रस्ता रिकामा होता, समोरून चिटपाखरू येत नव्हतं. तरी ती पांढरी गाडी इतक्या जवळून गेली की तिचा डावा आरसा माझ्या कोपराला थडकून आत दुमडला.

मी पडले नाही. का पडले नाही, ते आजही सांगता येणार नाही. हँडल दोनदा हिसकलं, मागचं चाक खडीत गेलं आणि परत वर आलं. थोडं पुढे जाऊन मी उतरले आणि कडेच्या दगडावर बसले. कोपराला खरचटलं होतं, एवढंच. पाय मात्र शिवणयंत्राच्या पायट्यासारखे हलत होते.

ती गाडी पिरंगुटला भेटली. चहाच्या टपरीसमोर उभी होती आणि डावा आरसा अजून दुमडलेलाच होता. चाळिशीचा माणूस, बायको, दोन मुलं, मागच्या सीटवर त्याची आई. ताम्हिणीला निघाले होते. भांडायचं असं मी मनाशी ठरवत आले होते. वाक्यंसुद्धा जुळवली होती. प्रत्यक्षात मी एवढंच म्हणाले, “तुमचा आरसा मला लागला मघाशी.”

“तुम्हाला?” त्यानं आरशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अहो काकू, पण मी हॉर्न दिला होता. दोनदा दिला. तुम्ही साईडच दिली नाहीत.”

तो उद्धट नव्हता. उर्मट असता तर बरं झालं असतं, माझी जुळवलेली वाक्यं कामी आली असती. तो मनापासून चकित झाला होता. त्याच्या हिशेबात त्याचं काम त्यानं चोख केलं होतं: हॉर्न दिला. पुढचं काम माझं होतं आणि ते मी केलं नव्हतं. त्याच्या आईनं काच खाली घेतली, “फार लागलं का गं बाई तुला?” असं विचारलं आणि डब्यातली शंकरपाळी पुढे केली. मी घेतली. खाल्लीसुद्धा. चांगली झाली होती.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात तो एकच शब्द फिरत होता. साईड. आपल्याकडे साईड कोण कुणाला देतं? लहान मोठ्याला देतो. दुचाकी चारचाकीला, चारचाकी डंपरला, आणि सगळे मिळून सायरन वाजवणाऱ्या गाडीला. मोठ्यानं लहानाला साईड दिली असं वाक्य मी रस्त्यावर कधी ऐकलेलं नाही. ‘साईड मागितली’ म्हणतात, पण ते मागणं नसतं. सावकारानं दारात उभं राहून मागावं तसलं असतं. ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी झाली, कारण ते वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. पाटी पुसली गेली असेल, पण तिच्यातलं ‘प्लीज’ त्याच्या आधीच पुसलं गेलं होतं.

साईड द्यायला मी शिकले कुठे, तर वडिलांकडून. आणि गंमत अशी की ते स्वतः कधी देत नसत.

वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. दुपारी पाळी सुटायचा भोंगा झाला की फाटकातून सायकली बाहेर पडत. एकेक नाही, पूर आल्यासारख्या. काळ्या, चोवीस इंची, कॅरिअरला डबा आणि दांडीला पिशवी. सहा-सहा, आठ-आठ जण शेजारी शेजारी गप्पा मारत चाललेले. त्या पुरात एखादी मोटार सापडली तर ड्रायव्हर बिचारा पहिल्या गिअरमधे मागे मागे येई. हॉर्न वाजवी, पण घसा खाकरल्यासारखा, हलका. सायकलवाले मागे बघतसुद्धा नसत. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत त्या दिवसांचं वर्णन करताना लोक झाडं आणि थंडी आठवतात. मला ती मोटार आठवते.

म्हणजे सगळं छान होतं असं नाही. रात्री दिवा नसला किंवा कुणाला डबलसीट घेतलं की चौकातला पोलीस पकडायचा आणि चाकातली हवा सोडायचा. त्यावर सगळ्या शहराला ठाऊक असलेला एकच उपाय होता. चौक आला की उतरायचं, सभ्य चेहऱ्यानं सायकल ढकलत पोलिसासमोरून न्यायची आणि पलीकडे गेलं की परत टांग मारायची. आता वाटतं, रात्री बिनदिव्याची सायकल चालवणं हा गुन्हा आहे, एवढं तरी तेव्हा कुणाला तरी वाटत होतं. आज दिव्याशिवाय सायकल चालवली तर कुणी अडवत नाही. सायकलला अडवण्याइतकीसुद्धा किंमत उरलेली नाही.

मला सायकल शिकवताना वडिलांनी तीन गोष्टी सांगितल्या. वळताना हात दाखव. हात दाखवण्याआधी मागे बघ. आणि डावी सोडू नको. पहिल्या दोन मी यथातथा पाळल्या. तिसरी मात्र एखादं व्रत घेतल्यासारखी पाळली. मुलीच्या जातीला ती जरा जास्तच लवकर जमते. कडेनं जायचं, कुणाच्या मधे यायचं नाही, आपल्यामुळे कुणाचं अडू द्यायचं नाही.

पुढे नोकरी लागली, लूना आली, मग स्कूटर. सायकल गच्चीवर गेली आणि तिथून भंगारवाल्याकडे. सेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगितलं आणि २०१८ मधे मी परत सायकल घेतली. कोथरूड ते डेक्कन, बँकेत जायला-यायला. रविवारी जरा लांब.

ते मेट्रोच्या कामाचे दिवस. कर्वे रस्त्याच्या मधोमध पत्रे ठोकलेले आणि दोन्हीकडे एकेका गाडीपुरती बोळकांडी उरलेली. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. मुलगा म्हणाला, “आई, निदान पत्रे निघेपर्यंत थांब.” मी थांबले नाही, आणि मला एक चमत्कारिक गोष्ट कळली. त्या बोळकांडीत मी सुरक्षित होते. एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला फुटपाथाची उंच कड. सरकायला जागाच नाही, त्यामुळे मी नाइलाजानं मधोमध चालवायची. मागे गाड्यांची रांग लागायची. हॉर्न वाजायचे, शिव्याही ऐकू यायच्या, “काकू, टूर द फ्रान्सला निघालात का?” असं एक कॉलेजचं पोर ओरडलं त्याचं मला आजही हसू येतं. पण कट मारून कुणी गेलं नाही. जाताच येत नव्हतं. आणि मागच्यांचा फार वेळ जात होता असंही नाही, कारण नळ स्टॉपच्या सिग्नलला आम्ही सगळे एकत्रच पोचायचो.

६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली. त्याच्या मागेपुढे पत्रे निघाले, रस्ता रुंद झाला, नळ स्टॉपला दुमजली पूल आला. सगळ्यांना हायसं वाटलं. मी आपली सवयीनं परत कडेला गेले, डावी धरून. आणि पहिल्याच आठवड्यात दोन कट बसले.

‘कट मारणे’ हे सायकल न चालवणाऱ्याला समजावून सांगावं लागतं. तुम्हाला ओलांडून गाडी पुढे जाते आणि पूर्ण पुढे जायच्या आत डावीकडे येते. तिच्या दृष्टीनं तुम्ही मागे पडलेले, म्हणजे संपलेले असता. रिक्षा सवारीसाठी मारते, मोटार दुकानासमोर थांबायला मारते, मोटरसायकल कशालाही मारते. कडेला धरून चालणाऱ्याला कट जास्त बसतात, कारण कडेला तुम्ही असलात की मागच्याला वाटतं, मावेल. तो लेन न बदलता, वेग न उतरवता, त्याच लेनमधून तुमच्या शेजारून आपली गाडी काढतो. तुम्ही जेवढे आक्रसता तेवढं त्याला मावेलसं वाटतं. लेनच्या मधे असलात तर तो वैतागतो, पण विचार करतो. त्याला थांबावं लागतं किंवा पलीकडच्या लेनमधून नीट वळसा घालून जावं लागतं. पत्र्यांनी चार वर्षं मला हेच शिकवलं होतं आणि पत्रे निघाल्यावर ते मी विसरले. भुकूमच्या अलीकडे त्या हॉर्ननं माझ्या हातून तेच करून घेतलं. दुसऱ्यांदा डावीकडे सरकले नसते तर त्या पांढऱ्या गाडीला रिकाम्या रस्त्यावर चार हात उजवीकडून जावंच लागलं असतं.

आता मी रस्ता धरते. नेहमी नाही. रस्ता सरळ, मोकळा आणि रुंद असेल तर कडेपासून दोन-तीन हातांवर. पण पूल, वळण, अरुंद जागा, उभ्या गाड्यांची रांग, सिग्नल सुटायची वेळ असली की सरळ लेनच्या मधोमध. मागे बघायचं, हात दाखवायचा, जायचं. हँडलला छोटा गोल आरसा लावला आहे, तीनशे रुपयांचा. मी सायकलवर केलेल्या खर्चातला तेवढा एकच पुरता वसूल झाला. मागून येणाऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून बघितलं की तो माणसासारखा वागतो, हा माझा अनुभव. अगदी शंभर टक्के नाही. पण पाठ दिसली की सायकल असते आणि चेहरा दिसला की बाई असते, एवढा फरक पडतो.

उभ्या गाड्यांच्या रांगेचं का म्हणाले, तेही सांगते. फर्ग्युसन रस्त्यावर एका उभ्या गाडीचं दार माझ्यासमोर उघडलं होतं. अचानक, फाटक उघडावं तसं. मी दारावर, सायकल माझ्यावर, डाव्या हाताचं करंगळीलगतचं बोट मोडलं. गाडीतून उतरणारी मुलगी रडायलाच लागली. “दिसलाच नाहीत हो तुम्ही,” एवढंच म्हणत होती, आणि ते खरंच होतं, कारण तिनं बघितलंच नव्हतं. नेदरलँड्समधे दार लांबच्या हातानं उघडायची सवय लावतात, असं नंतर वाचलं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे त्यानं दार डाव्या हातानं उघडायचं. करून बघा. डावा हात दारापर्यंत न्यायचा तर खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि नजर आपोआप मागे जाते. फुकटचा उपाय आहे. घरी मी नवऱ्याला सहा महिने टोकून टोकून ही सवय लावली. आता तो मित्रांना शिकवतो आणि स्वतःला सुचल्यासारखं सांगतो.

मोठ्या गाड्यांबद्दल लोकांचा गैरसमज असतो. मला सर्वांत कमी त्रास पीएमपीच्या बसचा होतो. बस आणि मी, आमचं जुनं नातं आहे. ती मला ओलांडते, पुढच्या थांब्याला थांबते, मी तिला ओलांडते, ती परत मला. कोथरूडपासून डेक्कनपर्यंत असा खेळ चालतो आणि दोघी एकाच वेळी पोचतो. धोका थांब्यापाशी असतो, ती आत शिरताना किंवा बाहेर पडताना. एकदा डेक्कनला चहा पिणाऱ्या एका ड्रायव्हरना मी विचारलं, तुम्हाला आम्ही त्रास वाटतो का? ते म्हणाले, “त्रास कसला! पण डाव्या अंगाला येत जाऊ नका मॅडम. आरशात दिसता, दिसता आणि मग गायब होता. गायब झालेला माणूस लई वाईट.” ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. तेव्हापासून बस, ट्रक, काँक्रीटचा मिक्सर, काहीही असो, डावा सिग्नल दिसो न दिसो, मी त्याच्या डाव्या बगलेत शिरत नाही. मागे थांबते. ट्रक शेजारून वेगात गेला की त्याची हवा आधी तुम्हाला बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मला ढकलण्यापेक्षा त्या ओढण्याची जास्त भीती वाटली. पण खेप भरून रोज तोच रस्ता करणारा ड्रायव्हर बहुतेक वेळा अंतर सोडून जातो. रविवारी सहलीला निघालेली खाजगी मोटार आणि उलट्या बाजूनं तोंडावर येणारी मोटरसायकल, माझे यम हे दोन. मोटरसायकलवाला तर वर हसतो. राँग साईडनं येताना चेहऱ्यावर ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’ असं गोड हसू असतं.

भाची श्टुटगार्टला असते. तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाली, जर्मनीत २०२० पासून आकडाच ठरवला आहे: गावात सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर, गावाबाहेर दोन मीटर. मी म्हटलं, नशीबवान आहात. ती हसली. “मावशी, मोजतं कोण? इथेही घासून जातात. फक्त हॉर्न नाही मारत. काच खाली करून सांगतात की शेजारी सायकलचा रस्ता आहे, त्यावरून जा. अगदी नियमाचा हवाला देऊन ओरडतात.” तिकडे काही सायकलवाले निषेध म्हणून कॅरिअरला पोहण्याच्या तलावातली फोमची लांब नळी आडवी बांधतात, म्हणजे दीड मीटर किती ते मागच्याला दिसावं. मी क्षणभर कर्वे रस्त्यावर तशी नळी बांधून जाण्याची कल्पना केली. पहिल्याच सिग्नलला कुणीतरी तिच्यावर भाजीची पिशवी अडकवली असती.

आपल्याकडेही सायकलचे रस्ते आहेत म्हणा. २००६ मधे बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन आली, तेव्हापासून रस्त्यांच्या कडेनं ट्रॅक होत गेले. २०१७ मधे शहराचा सायकल आराखडासुद्धा मंजूर झाला. पौड रस्त्यावरच्या ट्रॅकवरून मी काही महिने गेले. पेव्हर ब्लॉक, झाड, उतरंड, विजेची डीपी, लावलेली स्कूटर, चढ, पुन्हा झाड. त्यावर चालणं होतं, सायकल चालवणं होत नाही. पण त्याचा एक परिणाम मात्र झाला. मी रस्त्यावर दिसले की काही जण हात करून तो ट्रॅक दाखवतात. अगदी श्टुटगार्टसारखं.

एवढं सगळं शिकल्यावर माणसाला ते दुसऱ्याला शिकवायची खुमखुमी येते. मलाही आली. मी ज्या सोसायटीत राहते तिथे रात्रपाळीला एक काका आहेत. वय बासष्टच्या आसपास, मूळ गाव धाराशिवकडे, राहतात शिवण्याला. संध्याकाळी सातला सायकलवर येतात, सकाळी सातला जातात. जुनी काळी सायकल, तिला ना दिवा ना मागचा लाल काचेचा डोळा. डंपर आणि मिक्सर ज्या रस्त्यावरून रात्रंदिवस जातात त्याच रस्त्यावरून. मी दुकानातून चमकणाऱ्या पट्टीचं रीळ आणलं, लाल आणि पांढरं, आणि त्यांच्या मडगार्डला चिकटवते म्हणाले.

“नको मॅडम,” ते म्हणाले.

“अहो, रात्री लाइट पडला की लांबून दिसते. मागच्याला कळतं.”

“त्याला कळंल ह्याच्यावर कशाला राहायचं? मला आवाज येतो की. मोठ्या गाडीचा आवाज आला की मी उतरतो, बाजूला मातीत उभा ऱ्हातो. गेली की परत बसतो.”

“रोज?”

“रोज. तीस-बत्तीस वर्सं झाली. एक ओरखडा न्हाई अंगावर.”

“एका फेरीत किती वेळा उतरता?”

“मोजतंय कोण.”

मी त्यांना लेनच्या मधोमध चालवायचं माझं तत्त्वज्ञान सांगायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. काकांनी रस्ता धरला असता तर मागून येणाऱ्या डंपरनं त्यांच्यासाठी वेग उतरवला असता का? मी मधून जाऊ शकते, कारण माझ्या डोक्यावर हेल्मेट आहे, अंगात पिवळं जॅकेट आहे, सायकल पन्नास हजारांची आहे आणि मागच्याला शंका येते की ही बाई कुणाची तरी कोण असेल. माझ्या मागे हॉर्न वाजतो. काकांच्या मागे हॉर्नसुद्धा वाजवायची कुणाला गरज वाटत नाही. रस्ता धरायला आधी रस्त्यावर मोजलं जावं लागतं. खडकीच्या फाटकातून सुटलेले वडील मोजले जात होते, कारण ते आठशे जण होते. काका एकटेच असतात. ते उतरतात म्हणून टिकले आहेत, आणि मी उतरत नाही म्हणून. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, ह्याचाच मला त्रास होतो.

त्यांच्याच ओळखीतल्या दुसऱ्या एका वॉचमनला मागच्या हिवाळ्यात पहाटे कुठल्यातरी गाडीनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं. गाडी थांबली नाही, नंबर कुणी पाहिला नाही. “आता कुणाकडं मागायचं?” असं काकांनी विचारलं तेव्हा बँकेतल्या नोकरीचा प्रथमच सायकलला उपयोग झाला. पळून गेलेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तरी सरकारी भरपाई मिळते; १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाला तर दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. त्याआधी ती पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होती. एफआयआर आणि दवाखान्याचे कागद जोडून अर्ज करायचा असतो. आम्ही तो भरला. पण तो भरताना माझ्या डोक्यात त्या न थांबलेल्या ड्रायव्हरचे विचार येत होते. २०२४ च्या जानेवारीत ट्रकवाल्यांनी संप केला होता, तो ह्याच मुद्द्यावर. अपघातात कुणाचा जीव घेऊन, न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं नव्या कायद्यात कलम होतं. थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर सरकार, असं त्यांचं म्हणणं होतं. १ जुलैला नवी न्याय संहिता लागू झाली तेव्हा तेवढं कलम बाजूला ठेवलं गेलं. जमावाची भीती खोटी नाही, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण पहाटे पाच वाजता त्या रस्त्यावर जमाव नव्हता. एक माणूस होता, आणि तो आडवा पडला होता.

पट्टीचं रीळ घरी कपाटावर पडून राहिलं. मी माझ्याच सायकलला जास्तीची लावली, शेजारच्या मुलाच्या सायकलला लावली. काकांचा विषय परत काढला नाही.

दिवाळीनंतर ते आठ दिवस गावी जाऊन आले. परत आल्यावर एका संध्याकाळी गेटपाशी त्यांनी मला थांबवलं. नातीला शाळेतून सायकल मिळाली होती, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून. आठवीत आहे, शाळा गावापासून चार किलोमीटर. सांगताना त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच मावळलासुद्धा. उसाचा हंगाम सुरू झाला होता. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, आणि मोठ्यानं गाणी लावलेली. शाळा सुटते तोवर उन्हं गेलेली असतात.

“तिला सांगितलं की आवाज आला की उतर म्हणून,” काका म्हणाले. “पोरगी म्हणती, मी कशाला उतरू? माजी बी सायकल हाये.”

मी काही बोलले नाही.

“ती पट्टी ऱ्हायलीय का हो मॅडम तुमच्याकडं?”

मी वर जाऊन रीळ आणलं. कात्रीही आणली, पण ते म्हणाले अख्खंच द्या, तिच्या मैतरणींना पण लागंल. गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी हातून पाठवणार होते. रीळ त्यांनी डब्याच्या पिशवीत तळाशी, रुमालात गुंडाळून ठेवलं. मग काहीतरी आठवून पिशवी परत उघडली आणि विचारलं, “लाल मागं लावायची का पांढरी?”

“लाल मागे,” मी म्हटलं. “पांढरी पुढे.”

त्यांनी मान हलवली आणि ते दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून घेतलं.